सरोवर कुणाचं, वाम कुणाचे?

1911 साली लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये सात न्यायाधीशांनी एका माशाचा निकाल दिला. हाउस ऑफ लॉर्ड्‌स म्हणजे त्या काळचं ब्रिटनचं शेवटचं न्यायालय. तिथं हरलं की पुढे दाद मागायला जागा नाही. दाव्याचं नाव 'जॉन्स्टन विरुद्ध ओनील'. प्रश्न असा, की आयर्लंडच्या उत्तरेकडच्या लॉख नेय सरोवरातले वाम मासे काठावरच्या कोळ्यानं धरावेत की धरू नयेत? चार न्यायाधीश म्हणाले, धरू नयेत. ते खाजगी मालकीचे आहेत. उरलेले तिघं म्हणाले, ज्या राजानं हा हक्क बहाल केला, त्याच्याकडे तो मुळात होता हे सिद्ध झालंय कुठे? चार विरुद्ध तीन. एका मतानं कोळी हरले आणि पुढची साठ वर्षं आपल्याच दारातल्या पाण्यात चोर ठरले.

ही गोष्ट त्या साठ वर्षांची आहे, पण तिची मुळं त्याच्याही तीनशे वर्षं मागे जातात.

आधी माशाबद्दल. आपल्या बाजारात वाम या नावाखाली बरंच काही येतं. समुद्रातला लांबलचक, तीक्ष्ण दातांचा वाम वेगळा. धरणात मिळणारा, पाठीवर काट्यांची ओळ असलेला वेगळा, आणि तो तर खऱ्या वामाच्या घराण्यातलाही नव्हे. गोड्या पाण्यातला खरा वाम, ज्याला शास्त्रज्ञ 'अँग्विला' म्हणतात, तो आपल्या नद्यांतही सापडतो. त्याचाच युरोपातला भाऊबंद या गोष्टीचा धनी आहे.

लॉख नेय हे ब्रिटन आणि आयर्लंड या दोन्ही बेटांवरचं सर्वांत मोठं सरोवर. क्षेत्रफळ सुमारे 390 चौरस किलोमीटर, लांबी 30 किलोमीटरच्या आसपास. खोली मात्र सरासरी 9 मीटरच. उत्तर आयर्लंडच्या सहा परगण्यांपैकी पाच परगणे त्याला टेकलेले आहेत. आयरिश लोककथेत फिन मॅकूल नावाचा महाबली शत्रूवर फेकायला जमिनीचा एक लपका उपसतो. तो समुद्रात पडून आइल ऑफ मॅन हे बेट होतं आणि मागे राहिलेल्या खड्ड्यात हे सरोवर साचतं. सहा मोठ्या नद्या त्याला पाणी आणून देतात. बाहेर पडते ती एकटी बान. सरोवराच्या वायव्य कोपऱ्यातल्या टूम या गावाशी ती निघते आणि साठेक किलोमीटर उत्तरेला जाऊन कोलरेनच्या पुढे अटलांटिकला मिळते.

पाणी बाहेर जायला एकच तोंड आहे, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पुढची सगळी भांडणं त्या तोंडाशी झाली.

वामाचं आयुष्य सामनसारख्या माशांच्या उलटं चालतं. सामन नदीत जन्मतो आणि समुद्रात वाढतो. वाम समुद्रात जन्मतो आणि नदीत, तळ्यात वाढतो. युरोपातले सगळे वाम पार अमेरिकेच्या बाजूच्या, पाच-सहा हजार किलोमीटर लांबच्या सारगासो समुद्रात जन्मतात, हे योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञानं दाखवून दिलं. 1904 पासून तो जहाजावरून वामाची पिल्लं गोळा करत होता आणि दर खेपेला आधीपेक्षा लहान पिल्लू कुठे मिळतं ते नकाशावर मांडत होता. 1922 मध्ये त्यानं निष्कर्ष छापला. सारगासोत अंडी घालणारा वाम मात्र आजवर कुणीही डोळ्यांनी पाहिलेला नाही. विळ्याच्या पात्यासारखी चपटी, पारदर्शक पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत युरोपच्या किनाऱ्याला लागतात, तिथं काचेच्या दोऱ्यासारखी होतात आणि वसंतात नदीच्या मुखातून वर चढू लागतात. कोलरेनजवळ बान नदीला खडकाळ उतार आहे. तिथल्या बांधावरून या इवल्या पिल्लांना चढता यावं म्हणून लोक गवताच्या जाड दोऱ्या वळून पाण्यात सोडत. त्या ओल्या दोरीला बिलगून लाखो पिल्लं वर सरकत. एकदा सरोवरात पोचली की तिथं त्यांचा दहा-पंधरा वर्षांचा मुक्काम, कधी त्याहूनही जास्त. या काळात वाम तपकिरी-पिवळा असतो, चिखलात राहतो, रात्री चरतो.

मग एका शरद ऋतूत त्याच्यात काही तरी पालटतं. पोट रुपेरी होतं, पाठ काळी पडते, डोळे मोठे होतात, आतडं आक्रसतं. तो खाणं सोडतो. अमावास्येच्या आसपासची रात्र, वारा सुटलेला, पाऊस पडून नदीला लोंढा आलेला, अशा वेळी सरोवरातले रुपेरी वाम एकदम निघतात आणि टूमच्या त्या एकुलत्या एका तोंडातून समुद्राची वाट धरतात. परत यायचं नसतं.

या तोंडाशी बंधारा घालून बसलं की काय होईल, हे सांगायला नको. नदीत आडव्या खुंट्यांच्या रांगा रोवायच्या, मधल्या फटींत जाळी लावायची. तिथल्या जाळ्याला कॉगिल म्हणतात. आपल्याकडे खाडीत ओहोटीच्या ओढीला डोल लावतात, त्याच जातीचं ते आहे. तोंड रुंद, मागे निमुळती होत गेलेली लांब शेपटी. सगळं काम पाण्याचा ओघच करतो. काळोख, पाण्याचा एकसुरी घोंगाट, थंडीनं बधिर झालेले हात. थोड्या थोड्या वेळानं माणसं शेपटीची गाठ सोडतात आणि आतला जिवंत, वळवळता, चिकट ऐवज होडीत रिता होतो. दिवा लावायचा नाही, कारण वाम उजेडाला बिचकतो. दहा-पंधरा वर्षं सरोवरानं पोसलेला मासा एका रात्रीत, एका जागी, उभ्या उभ्या हाती येतो. कायद्यानं नदीच्या रुंदीचा दहावा हिस्सा माशांसाठी मोकळा सोडायचा असतो. बाकीचे नऊ हिस्से मालकाचे.

आता मालक कोण, हा प्रश्न.

माणसानं इथं वाम खाल्ल्याचा पुरावा फार जुना आहे. कोलरेनजवळ माउंट सँडल इथं 1970 च्या दशकात पीटर वुडमन यांनी उत्खनन केलं. आयर्लंडमधल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी ती एक, सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या चुलींच्या राखेत सामनच्या काट्यांबरोबर वामाचे काटेही निघाले. म्हणजे शेतीचं नावही नव्हतं तेव्हा बानच्या काठावर वाम भाजला जात होता. त्या माणसांना सनद कुणी दिली होती?

सनदेचा काळ आला तो इंग्रजांबरोबर. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अल्स्टर या उत्तरेकडच्या प्रांतातल्या ह्यू ओनीलनं इंग्लंडच्या राणीविरुद्ध नऊ वर्षं लढा दिला. सरोवराचा भोवताल त्याच्याच मुलखाचा. त्याला नमवायला आलेल्या सेनानींत सर आर्थर चिचेस्टर हा एक. 1601 मध्ये त्यानं सरोवरावर होड्या घालून पलीकडच्या काठावर छापे टाकले. काठाकाठानं सगळं जाळलं, माणसं मारली, कुणालाही सोडलं नाही, असं त्यानं स्वतःच वरिष्ठांना लिहून कळवलेलं आहे. 1605 मध्ये हाच माणूस आयर्लंडचा राजप्रतिनिधी झाला. 1607 मध्ये ओनील आणि त्याचे साथीदार सरदार जहाजात बसून देशोधडीला लागले, त्यांच्या जमिनी जप्त झाल्या आणि स्कॉटलंड-इंग्लंडमधून वसाहतकरी आणून त्या वाटल्या गेल्या. याच धामधुमीत सरोवराच्या आणि बान नदीच्या मासेमारीची सनद मध्यस्थांच्या हातून फिरत फिरत चिचेस्टरच्या पदरात पडली. ज्यानं काठ जाळला, त्यालाच पाणी मिळालं.

कायद्याची बाजू सावरायला सर जॉन डेव्हिस हा आयर्लंडचा महाअधिवक्ता होताच. बानच्या मासेमारीवर सर रँडल मॅक्डॉनल या सरदारानं हक्क सांगितला होता. काठाची जमीन राजानं मला दिली आहे, तर पाणीही त्यात आलंच, असं त्याचं म्हणणं. 1610 मध्ये निर्णय झाला, की नाही, ही राजेशाही मासेमारी आहे, स्पष्ट नाव घेऊन दिल्याशिवाय ती जमिनीबरोबर जात नाही. डेव्हिसनं हा दावा आपल्या निवाड्यांच्या पुस्तकात घातला आणि पुढची कित्येक शतकं वकील तो उगाळत राहिले. आयर्लंडच्या जुन्या ब्रेहन कायद्यात या पाण्याबद्दल काय रिवाज होता, हे विचारायची गरज कुणाला वाटली नाही. त्या कायद्याला नव्या दरबारात उभंच केलं जात नव्हतं.

मधल्या उलथापालथी मी वगळतो. चिचेस्टरनं हक्क राजाला परत दिला, क्रॉमवेलच्या काळात तो भाडेपट्ट्यानं दुसऱ्याकडे गेला. शेवटी 1661 मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं दिलेल्या सनदेनं तो चिचेस्टरच्याच घराण्याकडे, डोनेगलच्या उमरावांकडे स्थिरावला. एकोणिसाव्या शतकात या घराण्यातली मुलगी शाफ्ट्सबरीच्या उमरावांकडे दिली गेली आणि सरोवर त्या घरात गेलं. आजही लॉख नेयचा तळ शाफ्ट्सबरीच्या उमरावाच्या नावावर आहे.

आपल्या वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. भंडारा-गोंदियातल्या मालगुजारी तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या ढिवरांना विचारा. पाणी पुढ्यात असतं, जाळं हातात असतं, पण तलावाचा ठेका कुणाच्या नावावर निघाला यावर चूल पेटायची की नाही ते ठरतं. कागद एका गावात होतो आणि पाणी दुसऱ्या.

लॉख नेयच्या काठावरचे कोळी बहुतेक कॅथलिक, बहुतेक गरीब, एखाद-दोन एकरांवर बटाटे-ओट पिकवून उरलेलं पोट सरोवरावर भरणारे. सनदेचा कागद त्यांच्यापर्यंत बराच काळ पोचला नाही. सरोवर एवढं मोठं, की त्यावर पहारा ठेवणं परवडत नसे. पण एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, मासा ताजा ताजा इंग्लंडला जाऊ लागला, त्याला भाव आला. आणि भाव आला की मालकाला कागद आठवतो.

पहिला मोठा दावा कोळी जिंकले. 'ब्रिस्टो विरुद्ध कॉर्मिकन' हा तो दावा, 1878 चा. डोनेगलच्या पट्टेदारांनी सरोवरात जाळी टाकणाऱ्या कोळ्यांवर अतिक्रमणाची फिर्याद केली. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत गेलं. न्यायाधीश म्हणाले, भरती-ओहोटी नसलेल्या, जमिनीनं वेढलेल्या सरोवरावर राजाचा हक्क आपोआप असतो असं कायदा मानत नाही. राजाचं नसेल तर राजानं दिलेल्या सनदेला अर्थ काय? सनद दाखवलीत, त्यामागचा हक्क दाखवा. पट्टेदारांना तो दाखवता आला नाही.

काठावर आनंद झाला असणार. पण या निकालात एक खोच होती. राजाचा हक्क नाही, एवढंच न्यायालय म्हणालं. लोकांचा हक्क आहे असं ते म्हणालं नाही. इंग्रजी कायद्यात समुद्रात आणि भरतीच्या पाण्यात मासे धरायचा हक्क सर्वांना आहे, गोड्या पाण्यात तो कुणालाच आपोआप नाही. ते पाणी कुणाचं तरी असलंच पाहिजे, अशी त्या कायद्याची समजूत.

त्याच खोचेत 1911 चा दावा शिरला. या वेळी पुढे आले ते टूमच्या वाम-बंधाऱ्याचे पट्टेदार. त्यांचा हिशेब सरळ होता. सरोवरात गळानं धरलेला प्रत्येक तपकिरी वाम म्हणजे पुढे कधी तरी बंधाऱ्यात यायचा राहिलेला एक रुपेरी वाम. आणि या खेपेला ते नुसती सनद घेऊन आले नाहीत. दोन-अडीचशे वर्षांचे भाडेपट्टे, वसुलीच्या नोंदी, वहिवाटीचे दाखले घेऊन आले. इतका काळ एखादा माणूस हक्क बजावत असेल तर त्याचा उगम कायदेशीरच मानला पाहिजे, असं चौघांना पटलं. तिघांना पटलं नाही. माझ्या मते ते तिघं बरोबर होते. लुटीला अडीचशे वर्षं झाली म्हणून तिची वहिवाट होऊ नये. पण न्यायालयात मतं मोजतात.

निकालानंतर कोळी थांबले का? थांबणार कसे? काठावर दुसरं काम नव्हतं.

त्यांची मासेमारी कशी चालायची ते जवळून पाहण्यासारखं आहे. लाकडी फळ्या एकमेकींवर चढवून बांधलेली उघडी होडी, दोन माणसांची. एक लांब दोरी, तिला ठरावीक अंतरावर आखूड दोऱ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला गळ. एका होडीचे मिळून शेकडो गळ. आमिषाला गांडुळं, गळ टाकणारी आपली पोरं ज्यांना काडू म्हणतात ती. पावसानं भिजलेल्या कुरणात रात्री कंदील घेऊन वाकून फिरायचं आणि बिळाबाहेर आलेलं गांडूळ न तुटू देता अलगद ओढायचं. नंतर एकेक गळ हातानं भरायचा आणि पाटीच्या कडेला ओळीनं अडकवत जायचा, म्हणजे सोडताना गुंता होत नाही. संध्याकाळकडे सरोवरात जाऊन दोरी सोडायची, पहाटे उजाडायच्या आत उचलायला निघायचं. एक जण वल्ही धरतो, दुसरा दोरी ओढतो. वाम गळाला लागला की स्वतःभोवती आणि दोरीभोवती पीळ घालतो. चिकट बुळबुळीत गाठी होतात. गळ घशात खोल गेला असेल तर दोरा तिथंच कापायचा, कारण वाम जिवंत हवा. मेलेल्या वामाला भाव नाही. परतल्यावर पुन्हा दोऱ्या सोडवा, गळ बदला, गांडुळं भरा. घरातली बायकापोरं या कामात असायचीच.

या काठावरचं आर्डबो हे गाव कोळ्यांच्या वस्तीसाठी प्रसिद्ध. तिथं पाण्याच्या वर उंचवट्यावर दहाव्या शतकाच्या सुमाराचा दगडी क्रूस उभा आहे, साडेपाच मीटरहून उंच, बायबलमधले प्रसंग कोरलेला. आर्डबो म्हणजे गाईची टेकडी. इथल्या मठाच्या भिंती एका दैवी गाईच्या दुधात चुना कालवून बांधल्या, अशी आख्यायिका आहे. नोबेल मिळालेले कवी शेमस हीनी यांचं गाव टूमपासून काही मैलांवर, आणि त्यांची पत्नी मरी डेव्हलिन या आर्डबोच्या. हीनींनी 1969 च्या संग्रहात लॉख नेयच्या कोळ्यांवर आणि वामावर सात भागांची एक कवितामाला लिहिली आणि ती त्या कोळ्यांनाच अर्पण केली. बाहेरच्या जगानं या माणसांची दखल घेतली ती बहुतांशी या कवितांमुळे. पण त्या छापल्या जात होत्या तेव्हा काठावर वेगळंच काही घडत होतं.

त्याची सुरुवात 1959 मध्ये झाली, टूमचा हक्क एका नव्या कंपनीकडे गेला तेव्हा. टूम ईल फिशरी असं तिचं नाव, आणि भांडवल लंडनच्या बिलिंग्जगेट या मासळीबाजारातल्या व्यापाऱ्यांच्या गटाचं. जुने मालक कडक असले तरी सुस्त होते. नवे मालक व्यापारी होते. एकेक वाम कुठे जातो याचा हिशेब त्यांना हवा होता. त्यांनी गस्तीच्या बोटी घातल्या. सरोवरात वाम धरायचा तर कंपनीचा परवाना घ्यायचा आणि धरलेला वाम कंपनीलाच, कंपनी म्हणेल त्या भावानं विकायचा, असा तो बेत. खरेदीदार एकच आणि तोच पहारेकरी. कोळी पुन्हा न्यायालयात ओढले गेले आणि 1963 मध्ये न्यायालयानं पुन्हा कंपनीच्याच बाजूनं कौल दिला. 1911 चा निकाल अजून जिवंत होता.

इथं फादर ऑलिव्हर केनेडी या तरुण कॅथलिक धर्मगुरूचं नाव येतं. कोळ्यांच्या घरांत त्यांचं जाणं-येणं होतं आणि आकडे त्यांना कळत होते. कायद्याच्या दारावर आणखी डोकं आपटण्यात अर्थ नाही, हे त्यांनी ओळखलं. कोळी आधी कामगार संघटनेत एकत्र आले, आणि 1965 मध्ये त्यांनी लॉख नेय मच्छीमार सहकारी संस्था काढली. त्याच सुमारास कंपनीतल्या एका भागधारकानं आपला वीस टक्के हिस्सा विकायला काढला. कोळ्यांनी घराघरांतून पैसे गोळा करून तो विकत घेतला.

या क्षणाशी मला थांबावंसं वाटतं. ज्या कंपनीच्या बोटी रात्री पाठलाग करत होत्या, तिचा पाचवा हिस्सा आता पाठलाग होणाऱ्यांचा होता. सकाळी पकडला गेलेला माणूस कंपनीच्या सभेत भागधारक म्हणून बसू शकत होता. साडेतीनशे वर्षं जो हक्क कागदानं हिरावून घेतला होता, तो कागदानंच परत घ्यायचा, असं ठरलं होतं. हक्क आपलाच असताना तो विकत का घ्यायचा, असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल तर तो रास्तच होता. तरीही त्यांनी पैसे मोजले. आपल्या प्रवरा-वारणेच्या काठांवर शेतकऱ्यानं दागिने मोडून साखर कारखान्याचा भाग घेतला, तेव्हाची हिंमत आणि ही हिंमत एकाच जातीची.

संस्था उभी राहिली तसा माल एकत्र विकला जाऊ लागला, दलालाची मधली पकड सैल झाली, आणि 1971 मध्ये उरलेला ऐंशी टक्के हिस्साही कोळ्यांनी विकत घेतला. ते वर्ष उत्तर आयर्लंडसाठी फार वाईट होतं. रस्त्यांवर बॉम्ब फुटत होते, माणसांना चौकशीशिवाय तुरुंगात डांबलं जात होतं. त्या वर्षी सरोवराच्या काठावर, एकही गोळी न झाडता, 1661 च्या सनदेतून आलेला वामाचा हक्क काठावरच्या माणसांकडे आला. टूमचा बंधारा आता त्यांचा होता. फादर केनेडींनी पुढची चार दशकांहून जास्त वर्षं ही संस्था चालवली.

आणि ती चांगली चालली. सुमारे दोनशे होड्या, युरोपातली जंगली वामाची सर्वांत मोठी मासेमारी. हंगामात संस्थेच्या गाड्या धक्क्याधक्क्यावरून जिवंत वाम गोळा करून टूमला आणत आणि तिथून ते विमानानं हॉलंडला, जर्मनीला जात. डच लोक ते धुरावून खातात. काही भाग लंडनला, जिथं वामाचे तुकडे शिजवून त्याच्याच रसाच्या थिजलेल्या जेलीत खायची जुनी रीत आहे. लॉख नेयच्या काठावर मात्र वाम साधाच तळतात. त्याच्या अंगची चरबी इतकी, की तव्यावर वेगळं तेल घालावं लागत नाही.

मालक झालेल्या कोळ्यांनी केलेली एक गोष्ट आधीच्या कुठल्याही उमरावानं केली नव्हती. त्यांनी स्वतःवर बंधन घातलं. एका होडीनं एका दिवसात किती वाम आणायचे याची मर्यादा, लहान वाम परत सोडायचे, हंगामाच्या तारखा. बंधाऱ्यातून किती रुपेरी वाम समुद्राकडे जाऊ द्यायचे याचाही हिशेब. कोलरेनला चढून आलेली पिल्लं गोळा करून टाक्यांत घालून ते गाडीनं सरोवरात आणून सोडत, म्हणजे वाटेत मरू नयेत.

मग 1983 च्या सुमारास ती पिल्लंच यायची थांबली. एकदम, जवळपास एका वर्षात. हे फक्त बानचं नव्हतं, सगळ्या युरोपात झालं. समुद्रातले बदललेले प्रवाह, नद्यांवरची धरणं आणि टर्बाइनं, आशियातून आलेला वामाच्या पोटातला एक जंत, काचेसारख्या पिल्लांची बेसुमार पकड, अशी कारणं सांगतात, आणि बहुधा सगळीच थोडी थोडी खरी आहेत. 1984 पासून संस्थेनं इंग्लंडच्या सेव्हर्न नदीत पकडलेली पिल्लं पैसे देऊन विकत आणून सरोवरात सोडायला सुरुवात केली. म्हणजे कोळ्यांनी आधी हक्क विकत घेतला आणि मग मासाही. पण या एका गोष्टीमुळे लॉख नेयची मासेमारी टिकली, इतर ठिकाणच्या बुडाल्या. 2007 मध्ये युरोपीय संघानं कायदा करून ठरवलं, की माणसाचा हस्तक्षेप नसता तर जितके रुपेरी वाम समुद्राकडे गेले असते, त्याच्या किमान चाळीस टक्के तरी निसटले पाहिजेत. शेजारच्या आयर्लंड प्रजासत्ताकानं वामाची मासेमारी पुरती बंद केली. लॉख नेयची चालू राहिली, कारण तिथला हिशेब आधीपासून ठेवलेला होता. 2008 मध्ये युरोपीय वाम अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. 2011 मध्ये 'लॉख नेय ईल' या नावाला युरोपचं भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या हापूसला किंवा नागपुरी संत्र्याला मिळालं आहे तसं.

मानांकन माशाला मिळालं. पाण्याचं कुणी पाहिलं नाही. सरोवराचा तळ उमरावाचा, मासेमारीचा हक्क संस्थेचा, पाणीपुरवठा सरकारी यंत्रणेचा (उत्तर आयर्लंडच्या पिण्याच्या पाण्यापैकी सुमारे चाळीस टक्के इथून जातं), आणि काठावरच्या शेतांतून, गोठ्यांतून, गटारांतून वाहून येणाऱ्या फॉस्फरसचा मालक कुणीच नाही. 2023 च्या उन्हाळ्यात सरोवरावर निळ्या-हिरव्या शेवाळाचा जाड, दुर्गंधी थर पसरला. लोक पाण्यात उतरेनात, कुत्री त्या पाण्यानं दगावली. पुढच्या वर्षीही तेच. सरोवरातले वाम रोडावले, त्यांच्या अंगची चरबी उतरली, आणि ज्या चरबीसाठी हॉलंडचा व्यापारी पैसे मोजत होता तीच नसेल तर तो माल घेईना.

2025 मध्ये संस्थेनं तपकिरी वामाचा संपूर्ण हंगाम रद्द केला. हक्क कोळ्यांचाच होता, बंधारा त्यांचाच होता, अडवायला गस्तीची बोट नव्हती. आणि त्या उन्हाळ्यात लॉख नेयच्या पाण्यात वामासाठी एकही दोरी पडली नाही.